पोरं खाणारी पिवळी

मी एक म्हातारी मासोळी आहे. एके काळी पिवळीधमक होते. आता रंग विटून पातळ वरणासारखा झाला आहे. आपली कहाणी सांगताना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणते. पण मित्रांनो, खरं सांगायचं तर तुमच्यातला एकही माझा मित्र नाही. मी तुम्हाला जन्मभर काचेतून बघत आले आहे. काचेला नाक लावलं की तुम्ही सगळे सारखेच चपटे दिसता. दोन टिचक्या मारता आणि 'झोपलाय वाटतं' म्हणून निघून जाता. आम्हाला पापण्या नसतात, एवढंही तुम्हाला कुणी शिकवलेलं नसतं.

पाण्यातून मला ऐकू कसं आलं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तुमचा टीव्ही, मिक्सर आणि तुमचे पाहुणे, हे सगळं आम्हाला चांगलं ऐकू येतं. न ऐकायची सोय असती तर मी आनंदाने वापरली असती.

माझा जन्म पुण्यातल्या एका गच्चीवर, सिमेंटच्या टाकीत झाला. तिथे शेवाळ होतं, गर्दी होती आणि वरून कावळे डोकावत. दोन हजार एकच्या सुमाराला एक दिवस जाळी आली, पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी आली, तिच्या तोंडाला रबर आवळलं गेलं, आणि मी एका माणसाच्या मांडीवर बसून एसटीने नगर रस्त्याला लागले. त्या माणसाचं नाव नागसेन. शेजारच्या प्रवाशाने पिशवीकडे बोट करून विचारलं, "कालवणाला का?"

नागसेनचा चेहरा पडला. "आफ्रिकन हाय," तो म्हणाला. "मालावी लेकमधला."

मी आफ्रिका पाहिलेली नाही. माझ्या आईनेही पाहिली नव्हती. पण त्या दिवसापासून नागसेनने माझी आफ्रिका इतक्या जणांना सांगितली की तो राहायचा त्या कारेगावात ती फक्त हौसरावांच्या म्हशीलाच ठाऊक नसेल.

हौसराव म्हणजे नागसेनचे घरमालक. त्यांच्या शेवंतीच्या रानाशेजारी कारखाने आले, कामगार आले, तसे त्यांनी बांधाला लागून ओळीने खोल्या बांधल्या. त्यातल्या एका खोलीत नागसेन आणि त्याची बायको करुणा राहायची. नागसेन रांजणगावच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर ऑपरेटर होता. तिथे दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय मशीन खाली येत नाही, कारण मधे हात जायला नको. घरी आल्यावर मात्र त्याचे दोन्ही हात सदा आमच्या पाण्यात. आज दगड इकडून तिकडे, उद्या तिकडून इकडे. ज्याला स्वस्थ बसता येत नाही तो मासे का पाळतो, हे मला अजून कळलेलं नाही.

टाकी मात्र चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. शिरूरच्या काचवाल्याने सिलिकॉन लावून नीट जोडलेली. नागसेनने तळाला घोड नदीची वाळू धुऊन घातली आणि जुन्या कौलांचे तुकडे एकमेकांवर टेकवून आमच्यासाठी कपारी केल्या. पाणी बोअरचं. कारेगावच्या त्या पाण्याला सगळं गाव शिव्या घालायचं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरी पुटं चढतात. आम्हाला नेमकं असंच जड पाणी लागतं. तुमच्या डाळीची काळजी आम्ही का करावी?

शोभेला म्हणून नागसेनने एक प्लॅस्टिकचा शिंपलाही आणला होता. पंपाच्या हवेवर तो दिवसभर तोंड उघडायचा, मिटायचा. त्या घरात उगाच तोंड उघडणारा तो एकटाच नव्हता.

नागसेनला एकच ध्यास होता. आमची पिल्लं व्हायला हवी होती. दौंडला गोकुळ नावाचा त्याचा आयटीआयचा सोबती रेल्वेत होता. त्यानेही घरी ताटाएवढा एक ऑस्कर मासा पाळला होता आणि त्या जोरावर तो स्वतःला जाणकार समजायचा. "आफ्रिकन पाळणं येगळं आन् त्याची पैदास करणं येगळं," तो नागसेनला म्हणाला होता. "तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई ते." झालं. नागसेन रोज ड्यूटीवरून आला की बूट काढायच्या आधी आमची पोटं बघायचा. त्याने पूर्वी गप्पी पाळले होते. गप्पीचं पोट फुगतं आणि पिल्लं बाहेर येतात. त्यापुढे त्याची विद्या संपत होती. दुकानदाराला विचारता आलं असतं, पण विचारलं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे समोरच्याला कळतं, आणि ते नागसेनला चालत नसे.

आता आमच्यातली रीत सांगते, नीट ऐका. आम्ही पोरं तोंडात वाढवतो. अंडी घातली की आई ती लगेच तोंडात घेते आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत, जवळजवळ तीन आठवडे, तोंडातच बाळगते. तेवढे दिवस पोटात एक घास जात नाही, कारण घास घ्यायचा तर तोंड उघडावं लागतं. गाल फुगतात आणि पोट खपाटीला जातं. बापाचं काम पहिल्याच दिवशी उरकतं. आमच्या टाकीतला काळ्या किनारीचा नर ते उरकून आपल्या कौलाखाली जाऊन बसला आणि पुढे तीन आठवडे त्याने फक्त कौल सांभाळलं. कौल कुठेही जाणार नव्हतं.

नागसेनची नजर पोटावर, आणि पोरं तोंडात. मी खाईना, तेव्हा त्याने हौसरावांना बोलावलं. हौसराव काचेपुढे उकिडवे बसले आणि बघता बघता त्यांनी निदान केलं.

"गालगुंड झालंय तिला."

"माशाला गालगुंड, मामा?"

"का? गाल न्हाईत व्हय तिला?" हौसराव म्हणाले. "हळद घाल पाण्यात. आमच्या म्हशीला कासदाह झाला तवा हळदच लावली मी."

दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण तुमच्याच लोकांनी केली आहे. माझ्या बाबतीत तर हल्यालाही दुखणं नव्हतं. नागसेनने मूठभर हळद आणून टाकीत कालवली. पाण्याची कढी झाली. कल्ल्यांत आग उठली, श्वास कोंडला, आणि माझं तोंड उघडलं. माझी पोरं वाळूवर सांडली. त्यांना अजून शेपट्यासुद्धा धड फुटल्या नव्हत्या. मी परत उचलायला वळले, त्याआधी त्यांचा बाप कौलाखालून आला आणि त्याने ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भुकेने व्याकूळ होऊन मी दाणे टिपले. नागसेन आनंदाने ओरडला, "मामा, उतरलं गालगुंड! खाया लागली!" हौसरावांच्या हाताला गुण आहे, असं गल्लीभर झालं. मित्रांनो, माझी पोरं गेली आणि त्या दिवशी तुमच्या लोकांनी पेढे तेवढे वाटायचे ठेवले. मला तुमचा इतका तिटकारा आला की आठवडाभर मी काचेकडे पाठ करून होते. आणि मी मनाशी ठरवलं की पुढच्या खेपेला आभाळ कोसळलं तरी तोंड उघडायचं नाही.

मधल्या काळात करुणाला मुलगी झाली. करुणाशी माझं बरं होतं, म्हणजे ती माझ्याकडे बघत नसे आणि मी तिच्याकडे. एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. कंत्राटावरून परमनंट होण्याच्या बेतात होती, म्हणून बाळ चार महिन्यांचं झालं तशी ती कामावर निघाली. बाळाला सांभाळायला केंदूरहून नागसेनची आई आली. पार्वतीबाई.

पार्वतीबाई वाईट नव्हत्या. नातीला मांडीवर घेऊन त्या दिवसभर काचेपुढे बसत आणि 'ती बघ मासोळी, ती बघ पिवळी' म्हणत पेज भरवत. मधूनच आमच्याही पाण्यात भाकरी कुस्करत. भाकरी फुगून तळाला बसे आणि पाणी नासे. पण त्यांना वाटे, उपाशी जिवांना घास दिला. एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी काही बोलले नसते. पण करुणा घरी आली की त्यांची जीभ सुटायची.

"दिसभर रडलं लेकरू," त्या भिंतीकडे बघत म्हणायच्या. "आमी बी कामं केली, पर लेकरू पाठीला बांधून. टाकून न्हाई गेलो."

करुणा डबा घासत राही. एक शब्द बोलायची नाही. बोलली असती तर पार्वतीबाई पिशवी उचलून केंदूरची गाडी धरायला कमी करत्या ना. मग बाळाजवळ कोण? आणि नोकरीचं काय? हे तिला कळत होतं, मला कळत होतं, फक्त नागसेनला कळत नव्हतं. तो त्या वेळी दगड हलवत असायचा.

अशातच माझी दुसरी खेप आली. या वेळी मी शहाणी झाले होते. कौलांच्या सगळ्यात आतल्या कपारीत शिरले आणि दिवसचे दिवस बाहेर आले नाही. नागसेनला मी दिसेना, म्हणून त्याने माझी काळजी घेतली नाही, म्हणून माझी पोरं वाढली. वीज जायची, पंप बंद पडायचा, तेव्हा तो तांब्याने पाणी उचलून वरून धार धरायचा, म्हणजे पाण्यात हवा मिसळे. तेवढं एक काम त्याला चांगलं येत होतं.

एका बुधवारी दुपारी पिल्लं तयार झाली. नर कौलाखाली, घर शांत, समोर फक्त पार्वतीबाई आणि झोपलेलं बाळ. मी कोपऱ्यात जाऊन तोंड उघडलं. एकेक करून ती बाहेर आली, तांदळाच्या दाण्याएवढी आणि डोळेच डोळे. जन्मात पहिल्यांदाच मला बरं वाटलं, तेही सांगून टाकते. तेवढ्यात काळ्या किनारीचा कौलाखालून निघाला. मी तोंड वासलं आणि माझी पोरं पटापट आत शिरली. आमच्यात धोका दिसला की आई असंच करते.

पार्वतीबाईंनी एवढंच पाहिलं. त्या किंचाळल्या तशी मांडीवरचं बाळ दचकून उठलं.

"गिळली! गिळली की गं बया! सोताची पोरं गिळली!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्यांत बातमी झाली की नागसेनच्या घरात पोरं खाणारी मासोळी आहे. हौसराव येऊन मान हलवून गेले. नागसेन आला, त्याने ऐकलं आणि तो बुटांसकट काचेपुढे बसला. ज्या पिल्लांसाठी एवढा जीव टाकला ती झाली होती आणि त्याच्या मते मी ती खाल्ली होती.

"म्हंजी मागं गाल फुगलं व्हतं तवा बी हिनं पोरंच खाल्ली आसतील," तो म्हणाला. मित्रांनो, हळद कुणी घातली होती ते तुम्हाला ठाऊक आहे.

करुणा दारात चपला काढत होती. पार्वतीबाई भिंतीला म्हणाल्या, "जनावर काय आन् मानूस काय. काही जातच आसती, लेकराची माया नसल्याली."

करुणाने बाळ उचललं आणि ती आत गेली.

नागसेनने जाळीने मला काढलं आणि लाल बादलीत टाकलं. वर सूप झाकलं, त्यावर पाटा ठेवला. मग कोपऱ्यावरच्या बूथवरून त्याने दौंडला फोन लावला. परत येऊन आईला म्हणाला, "उद्या गोकुळ येतोय. त्याच्या ऑस्करपुढं टाकाया दिली हिला. मला न्हाई ठिवायची घरात."

तर अशी माझी शिक्षा ठरली होती. बादलीतल्या पाण्यात हवा कमी होती. कल्ले जोरात हलवावे तर तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं तर पोरं बाहेर येतात. ती बाहेर आली असती तर सुटलेही असते, असं तुम्ही म्हणाल. पण मला काय ठाऊक की हे लोक पोरांचं काय करतील? यांच्या हातून मी एक खेप गमावली होती. मी तोंड मिटून बसले.

दुसरा दिवस गुरुवार, एमआयडीसीच्या सुट्टीचा. सगळे घरात होते. गोकुळ मोटारसायकलवर आला, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. 'जय भीम' झालं, चहा झाला, आणि त्याने सूप बाजूला केलं.

"हीच का ती? गाल बघ कशे फुगल्यात खाऊन खाऊन," तो म्हणाला. "मी बोल्लो व्हतो का न्हाई? तुझं काम नव्हं ते."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. जाळी घ्यायची सोडून त्याने मला पकडायला हात घातला. मी निसटले. त्याने पुन्हा मूठ आवळून उचललं आणि मी त्याच्या बोटांतून सटकून थेट शहाबादी फरशीवर पडले.

पाण्याबाहेरचं जग फार कोरडं असतं. अंगाची सालटी निघाल्यासारखं झालं. सगळं शरीर एकच सांगत होतं की तोंड उघड, श्वास घे. वरून चौघांचा गोंधळ चालला होता. "धर, धर!" "पायाखाली यील!" "आता कशाला धरता, मरू द्या तिला," हे पार्वतीबाईंचं. मी एकदा उडाले, दोनदा उडाले. तोंड उघडलं नाही. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि आत माझी पोरं वळवळत होती.

मग ओल्या कापडाचा स्पर्श झाला. बाळाचं दुपटं पाण्यात बुडवून करुणाने त्यात मला उचललं होतं. तिने कधी नव्हे ते माझ्याकडे बघितलं, अगदी चेहऱ्याजवळ धरून. माझे ओठ घट्ट मिटले होते, पण इतक्या पोरांना पुरेल एवढं तोंड देवाने कुठल्या आईला दिलंय? ओठांच्या फटीतून त्यांनी बाहेर बघितलं असणार.

"अहो," करुणा हळूच म्हणाली. "हिच्या तोंडात डोळं हायत."

"काय?"

"डोळं. बारीक बारीक. बघत्यात माझ्याकडं."

नागसेन वाकला. गोकुळ वाकला. त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. सगळी जाणकारी ओसरली की माणसाचा चेहरा बराच बरा दिसतो. करुणाने मला अलगद बादलीत सोडलं. नागसेन तांब्या घेऊन आला आणि वरून पाण्याची धार धरायला लागला.

"खाल्ली न्हाईत हिनं," करुणा म्हणाली. "तोंडात धरून बसलीय कालपासनं."

गोकुळने स्टीलच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. पार्वतीबाई काठावरून आत डोकावत होत्या. चूक झाली म्हणण्याची सवय तुमच्यात कुणालाच नाही, त्यांनाही नव्हती.

"मला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या. "तोंड उघडून सांगायचं न्हाई का तिनं?"

करुणा ओलं दुपटं पिळत होती. ती सासूकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तोंड उघडलं आसतं तर पोरं सांडली आसती, आत्या."

पार्वतीबाईंनी सुनेकडे बघितलं. भिंतीकडे नाही, सुनेकडे. मग त्यांनी रडणारं बाळ खांद्यावर घेतलं आणि त्या त्याला थोपटत तिच्या शेजारी येऊन बसल्या. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सगळेच्या सगळे गप्प होते.

तेव्हा मी तोंड उघडलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मित्रांनो, शेवटी उपदेश करायची रीत आहे, तीही पाळते. आमच्यावर माया करू नका, ती आम्हाला सोसत नाही. पाणी बदला, वीज गेली तर तांब्याने धार धरा, हळद भाजीत घाला. आणि एखादी गप्प बसली असेल तर ती आजारी आहे, की मुकी आहे, की पोरं खाते, हे ठरवायच्या आधी जरा तुम्हीही गप्प बसून बघा. तेवढं होत नसेल तर मासे पाळू नका. कोंबड्या पाळा. एक अंडं घातलं की त्या सगळ्या गल्लीला ओरडून सांगतात.